फुलांची घाटी: सात वर्षांची पोर, अडुसष्टची आई आणि एक राखीव दिवस

वळचण (धागाकर्ता)

"मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन फुलांच्या घाटीत जायचंय, कसं करावं?" महिन्याभरात तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मे महिन्यात जाता येत नाही. उत्तराखंडातलं हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फाचे ढिगारे पडलेले असतात. फुलांचा खरा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत, म्हणजे आपल्याकडे शाळा ऐन भरात असताना. तेव्हा शाळा बुडवायची तयारी असेल तरच पुढे वाचा. आम्ही बुडवली. वर्गशिक्षिकेला खरं कारण सांगितलं, तर त्या म्हणाल्या, येताना फोटो आणा.

आम्ही पाच जण: मी, बायको, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई. ऑगस्टचा तिसरा आठवडा. ऋषिकेशहून गाडीने जोशीमठ (आता अधिकृत नाव ज्योतिर्मठ), अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर दहा तास. पिपळकोटीच्या पुढे दरड आली होती, तिथे साडेचार तास बसून होतो. जेसीबी एक ढीग हलवायचा, वरून दुसरा यायचा. तासाभरात मक्याची कणसं भाजणारा एक जण कुठून तरी उगवला आणि त्याचा धंदा बघून मुलगा म्हणाला, बाबा, दरड याच्या ओळखीची आहे.

हे साडेचार तास आम्हाला जड गेले नाहीत, कारण आमच्याकडे एक दिवस राखीव होता. या अख्ख्या धाग्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्या. बहुतेक जण घाटीच्या पायथ्याच्या घांगरियाला दोन मुक्काम करतात, एक दिवस घाटी आणि एक दिवस हेमकुंड (वरचं सरोवर आणि तिथला शिखांचा गुरुद्वारा). घरची मंडळी बरोबर असतील तर तीन मुक्काम करा आणि घाटीत दोनदा जा. पहिल्या दिवशी पाऊस लागला, कोणाचं पोट बिघडलं, कोणी चालेना, तरी काही वाया जात नाही.

वाट अशी. जोशीमठला एक रात्र, मग पुढे गोविंदघाट, तिथून जीपने चार किलोमीटरवर पुलना. तिथून घांगरिया साधारण नऊ-दहा किलोमीटर, सगळी चढण, सोबत लक्ष्मणगंगा. पुलन्याला आईसाठी कंडी ठरवत होतो. कंडी म्हणजे पाठीवरची टोपली, तिच्यात माणूस बसतो. आईने ती बघितली, ती उचलणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "माणसाच्या पाठीवर बसून मी फुलं बघायला जाणार नाही." मग खेचर केलं. खेचरावर तिची हरकत नव्हती, उतरताना मात्र तिने त्याला गूळ दिला. मुलगी सहा किलोमीटर स्वतः चालली, उरलेलं खेचरावर आजीच्या पुढे बसून. मुलगा पूर्ण चालला आणि ते त्याने सगळ्यांना सांगितलं.

घांगरिया ३,००० मीटरच्या थोडं वर आहे. दोन बाजूंना डोंगर, मधे एक अरुंद गल्ली, तिच्यात खेचरं, यात्रेकरू, चिखल आणि गरम जिलबी. आमची खोली गळत होती. बादली मागितली तर दोन आणून दिल्या, त्या अर्थी त्यांना कल्पना होती.

पहिला दिवस घाटीचा. गावाच्या वरच्या टोकाला फाटा फुटतो: उजवीकडे हेमकुंड, डावीकडे घाटी. घाटीत खेचरांना बंदी आहे, म्हणून फाट्यानंतर पाचच मिनिटांत आवाज एकदम संपतो. जंगलातून उतार, पुष्पावतीवरचा पूल, आणि मग दगडी पायऱ्यांची दमवणारी चढण. इथे भोजपत्राची झाडं लागतात. साल कागदासारखी सुटून लोंबत असते आणि ती ओढायचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. ओढू नका. आई दर वीस पायऱ्यांना थांबत होती. आम्हीही थांबत होतो. दोन तासांची वाट आम्हाला साडेतीन तास लागले. वर पोचलो तर ढग इतके खाली आलेले की समोरचा डोंगर आहे हे ऐकून मानायचं. पाऊसही सुरू झाला. तासभर रेनकोटात उभे राहिलो आणि परतलो. एका दिवसाचा बेत असता तर आमची घाटी एवढीच.

दुसऱ्या दिवशी बायको आणि मुलगा पहाटे हेमकुंडला निघाले. आई, मुलगी आणि मी पुन्हा घाटीत. या वेळी आईला वाट माहीत होती. कुठे बसायचं तेही तिने ठरवून टाकलं होतं, कालचाच तो बसका दगड. साडेदहाला ढग फाटले आणि घाटीच्या टोकाला बर्फाचा डोंगर दिसला. वाटाड्याने सांगितलं, गौरी पर्वत. ६,७०० मीटरच्या आसपासचा. मुलगी फक्त एवढंच म्हणाली, "हा काल इथे होता?"

मग तिने काय बघितलं ते सांगतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना तिच्या डोक्यापेक्षा उंच गुलाबी फुलांची झाडी. आईने एक फूल खालून उचलून धरलं, मागची वाकडी शेपटी बघितली आणि म्हणाली, "अगं, हा तर तेरडा!" आमच्या मातोश्रींनी जन्मात वनस्पतिशास्त्र वाचलेलं नाही, पण गौरीला तेरडा आणण्यात साठ वर्षं गेली आहेत. तेवढ्यात एक केसाळ भुंगा आला आणि त्या फुलात अख्खा घुसला. बाहेर फक्त त्याचं बूड. बराच वेळ काही नाही, मग तो उलटा चालत बाहेर आला, पाठीवर पांढरी पूड घेऊन, आणि शेजारच्या फुलात शिरला. आम्ही तिघं त्या एका झाडापाशी पाऊण तास होतो. पुढे किती फुलं राहिली याचा हिशेब ठेवला नाही.

संध्याकाळी बायको आणि मुलगा आले. त्यांचं हेमकुंड त्यांनीच लिहावं, मला फक्त गुरुद्वारातल्या गरम खिचडीचं वर्णन मिळालंय, तेही चार वेळा.

---

सव्वाशेर

लेख झकास. पण तिथवर जाऊन तुम्ही स्वतः हेमकुंड केलं नाही? सहा किलोमीटरवर होतं हो! मी तर एका दिवसात दोन्ही केलेले लोक पाहिलेत.

---

वळचण

मीही पाहिले. संध्याकाळी घांगरियाच्या गल्लीत ते भिंतीला धरून चालत होते.

---

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून आगाऊपणा करते. घांगरिया ते हेमकुंड हे अंतर सहा किलोमीटर दिसतं, पण चढ बाराशे मीटरच्या पुढे आहे. सरोवर ४,३०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. घाटी त्यामानाने बरी, बहुतेक चालणं ३,३०० ते ३,६०० मीटरच्या दरम्यान.

मोठा माणूस सांगतो, डोकं दुखतंय. लहान मूल सांगत नाही. ते किरकिर करतं, खायला नको म्हणतं, आवडीच्या गोष्टीतही रमत नाही. अशा वेळी "थोडंच राहिलंय, चल" हे वाक्य गिळून टाका. डोकेदुखी आणि उलटी असेल तर आणखी वर जायचं नाही, आराम पडत नसेल तर खाली उतरायचं. उतरणं हेच औषध. उंचीवरच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर मुळीच नाही, आणि मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जोशीमठला एक रात्र झोपून मग वर जाणं हे वळचण यांनी बरोबर केलं.

---

एकटा_जीव

मला कोणी तरी खरं बोलायला हवं असं वाटतं म्हणून लिहितो. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. फोटोंत असतात तसे फुलांचे गालिचे मला कुठेही दिसले नाहीत. हिरवं गवत, धुकं, पाऊस आणि मधेमधे फुलं. पाय सोलले ते वेगळंच. नाव मोठं लक्षण खोटं.

---

दगडफूल

एकटा_जीव, तुमची तक्रार खरी आहे. ते गालिचे निम्मे कॅमेऱ्याच्या भिंगाने विणलेले असतात. जमिनीला टेकून फोटो काढला की दहा फुलांची शंभर दिसतात.

पण एक आहे. घाटी दर दोन-तीन आठवड्यांनी कपडे बदलते. जूनमध्ये बर्फ वितळताच प्रिम्युला आणि नागफण्यासारखी कोब्रा लिली येते. ही आपल्या सह्याद्रीतल्या सापकांद्याची जवळची नातेवाईक. जुलैत जिरॅनियम, पोटेंटिला, ऑर्किडं, आणि नशीब असेल तर निळी पॉपी. ही पॉपी घाटीपेक्षा हेमकुंडच्या वाटेवरच्या खडकांत जास्त दिसते. पाकळ्या ओल्या रेशमासारख्या आणि देठाला काटे. ऑगस्टमध्ये तेरड्याचं राज्य. म्हणजे एकाच घाटीत तिघे जण गेले तर तिघांचं वर्णन वेगळं येणार, आणि कोणीही थापा मारत नसणार.

वळचण यांच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ओळख अचूक आहे. शास्त्रीय नाव इम्पेशन्स सल्काटा, आपल्या तेरड्याचा भाऊबंद. भुंग्याच्या पाठीवरची पांढरी पूड म्हणजे परागकण. पुंकेसर फुलाच्या छताला असतात, म्हणून आत शिरणाऱ्याच्या पाठीलाच पूड लागते. पाऊण तास दिलात म्हणून दिसलं.

एक इशारा: जांभळ्या टोपीसारखी फुलं दिसली तर मुलांना हात लावू देऊ नका. तो बचनागाचा प्रकार, सगळं झाड विषारी.

---

निवांत_काकू

दगडफूल, ब्रह्मकमळाबद्दल लिहा ना. आमच्या गच्चीत आहे, रात्री बारा वाजता फुलतं, आम्ही शेजाऱ्यांना बोलावतो. तिथे दिवसा कसं काय फुलतं?

---

दगडफूल

काकू, शेजाऱ्यांना बोलावत राहा, पण ते ब्रह्मकमळ नव्हे. गच्चीतलं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मेक्सिकोकडचं. आपण त्याला कौतुकाने ब्रह्मकमळ म्हणायला लागलो आणि नाव चिकटलं.

हिमालयातलं ब्रह्मकमळ उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे आणि ते सूर्यफुलाच्या कुळातलं. हेमकुंडच्या आसपास ऑगस्टच्या मध्यापासून दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा थोडा विरसच होतो, कारण पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नसतातच. ती फिकट पिवळसर हिरवी, तेलकागदासारखी पानं असतात, आणि खरी जांभळी फुलं त्यांच्या आत दाटीवाटीने बसलेली. पाऊस आणि गारठा यांच्यापासून आडोसा करून घेतलाय त्या झाडाने, आतली हवाही बाहेरच्यापेक्षा उबदार राहते.

---

निवांत_काकू

बरं. गच्चीतल्याला सांगत नाही.

माझ्याकडून बायकांसाठी चार गोष्टी, कारण पुरुष मंडळी हे लिहीत नाहीत. गेटच्या आत स्वच्छतागृहाची आशा ठेवू नका, निघण्याआधी घांगरियातच उरकून घ्या. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवायला जाल तर डोकं दुखेल, आणि नाडीपरीक्षा बाई रागावतील. पोंचो सोयीचा वाटतो, पण पायऱ्या उतरताना त्याच्यामुळे पाय दिसत नाहीत. रेनकोट आणि पँट वेगवेगळी घ्या. काठी पुलन्यालाच घ्या. चढताना ती मिरवायला होते, उतरताना गुडघ्यांना कळते. आणि मोजे, मोजे, मोजे. बूट सुकत नाहीत, निदान कोरडे मोजे तरी.

रोख पैसे न्या. नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं, आणि ते जातंच.

---

जुना_नकाशा

इतिहासाचं कोणी काढलं नाही म्हणून. १९३१ साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेट (७,७५६ मीटर) चढून परतताना भ्यूंदर खिंडीतून या घाटीत उतरले. स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आला, फुलं गोळा केली आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं. तिथून घाटीचं नाव जगभर झालं. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही वनस्पती-अभ्यासक इथे आली आणि ४ जुलैला फुलं गोळा करताना घसरून गेली. तिची कबर घाटीतच आहे. पुढे बहिणीने येऊन शिळा बसवली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २००५ पासून नंदादेवीसोबत जागतिक वारसा.

मात्र "स्माइथने शोध लावला" असं म्हणू नका. भ्यूंदरचे गावकरी आणि मेंढपाळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात होते. त्यांच्या लेखी ती पऱ्यांची जागा होती. हरवलेली कधीच नव्हती.

---

घाटपायथा

मेंढपाळांचा विषय निघालाच आहे तर. उद्यान झाल्यावर चराई बंद केली. नंतर 'अमेला' नावाची उंच वाढणारी वनस्पती इतकी फोफावली की लहान फुलांना ऊन मिळेना. आता वनखातं माणसं लावून ती उपटतं. मेंढ्या फुकट खात होत्या ते काम मजुरीवर! माझं मत, बंदी घाईची होती.

---

दगडफूल

अर्धं मान्य. चराईने ती आटोक्यात राहत होती असं मानणारे अभ्यासकही आहेत. पण मेंढ्या फक्त अमेलाच खात नाहीत, बाकीची फुलंही खातात. आणि अमेला तिथलीच आहे, परकी नाही. दरडींनी आणि हिमलोटांनी उघड्या पडलेल्या जागेवर ती आधी ठाण मांडते. एकाच कारणावर खापर फोडता येत नाही.

---

सव्वाशेर

म्हणजे तण काढायला आईंना पाठवा. गौरीच्या तेरड्याबरोबर तेही होईल. 😀

---

नवी_कोरी

आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. सोबत सासरे (७१) आणि सहा वर्षांचा मुलगा. सासरे खेचरावर बसायला तयार नाहीत, कंडीतही नाही, आणि मागे राहायलाही नाही. काय करावं? १५ ऑगस्टची जोडून सुट्टी घ्यावी का?

---

वळचण

जोडून सुट्टीत सगळा देश तिथे असतो, चार दिवस मागेपुढे सरका. सासऱ्यांबद्दल: पुलन्याहून सकाळी सहाला निघा, म्हणजे दिवस हाताशी राहतो. सामान सगळं खेचरावर टाका, त्यांच्या हातात फक्त काठी. वाटेत चहाची दुकानं लागत राहतात, प्रत्येक दुकानात बसा. मधल्या एखाद्या दुकानात ते आपणहून म्हणतील, "खेचराचा भाव काय रे?" तेव्हा आश्चर्य दाखवू नका, एवढंच सांभाळा.

घाटीत दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडावं लागतं. म्हणून परतीची वेळ सकाळीच ठरवा, कुठपर्यंत जायचं ते नाही. एक वाजला की जिथे असू तिथून मागे, मग समोर काहीही असो. आत मुक्काम करता येत नाही. आणि डोंगरात अंधार पडल्यावर गाडी हाकणारा चालक घेऊ नका, तो कितीही "मी रोजचा आहे" म्हणाला तरी.

---

नवी_कोरी

राखीव दिवस धरला. नवऱ्याला हा धागा पाठवलाय.

---

दगडफूल

वळचण, एक राहिलं. ऑगस्टअखेर तेरड्याच्या शेंगा पिकायला लागतात. मुलीने एखादी फोडली की नाही?

---

वळचण

फोडली? पहिल्या दिवशी पावसात तिला काही बघायला मिळत नव्हतं, म्हणून ती फक्त शेंगांना बोट लावत बसली होती. टच् करून फुटायची, साल स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि बिया तिच्या चष्म्यावर. पुढे काय केलं ते आम्हाला रात्री कळलं. दोन शेंगा तिने हळूच रेनकोटच्या खिशात घातल्या होत्या. खोलीत आजीने रेनकोट झटकला तेव्हा त्या खिशातच फुटल्या.

मुलाने लगेच कायदा सांगितला की इथलं काही न्यायचं नसतं. रडारड झाली. शेवटी आईने त्या बिया मोजल्या, तेरा निघाल्या, रुमालाच्या गाठीत बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलीने स्वतः त्या दगडाशेजारी टाकल्या. दोनदा जायचा हाही एक फायदा.

पण घरी आल्यावर रेनकोट धुताना शिवणीत एक सापडली. चौदावी. ती अजून तिच्या कंपासपेटीत आहे. रागावू नका.

---

दगडफूल

रागावत नाही. ती बी पेरू मात्र देऊ नका. याच तेरड्याचा एक भाऊ इंग्रजांनी १८३९ मध्ये शोभेसाठी विलायतेला नेला होता. आज तिथल्या नदीकाठांवर तो इतका माजलाय की लोक सुट्टीच्या दिवशी जमून उपटत असतात.

---

वळचण

वाचून दाखवलं. कंपासपेटीला आता रबर लावलाय.